आई-बाबांसह मिशन बीचला: कॅराव्हॅन ब्रिस्बेनपासून ओढत न्यावी का?

तापीकाठ (ब्रिस्बेन)

नमस्कार मंडळी. माझे आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात रावेरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. क्वीन्सलँडमधील शाळांना जूनअखेरीस हिवाळी सुट्टी लागते. ती दोन आठवड्यांची सुट्टी, तिला जोडून माझी थोडी रजा, असे सोळा दिवस हाताशी आहेत. या दिवसांत उत्तरेकडे, उष्ण कटिबंधातील समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावी जाऊन कॅराव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत आणलेली चाकांवरची घरे लावायच्या जागी, राहावे, असे आमच्या मनात आहे. बराच विचार करून मिशन बीच निवडले. केर्न्स फार गजबजलेले वाटले. शिवाय मिशन बीचच्या अलीकडेच टली आहे आणि टलीभोवती केळीच्या बागा आहेत. बाबांनी चाळीस वर्षे केळी पिकवली. ऑस्ट्रेलियाला येण्यामागे नातवंडांच्या ओढीखालोखाल त्यांना ओढ कशाची असेल, तर ती येथील केळीबाग पाहण्याची.

आम्ही सहा जण आहोत: बाबा ७१ वर्षांचे असून दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आई ६६ वर्षांची, आम्ही दोघे, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा. आमची गाडी सात आसनी आहे आणि ब्रेक असलेला २००० किलोपर्यंतचा भार ओढू शकते. एक मित्र त्याची सहा जण झोपू शकतील अशी कॅराव्हॅन आपुलकीने वापरायला देतो आहे. तिचे रिकामे वजन १६९० किलो असल्याने गाडीच्या मर्यादेत बसते, असा माझा हिशेब आहे. मी आजवर सामानाची लहान ट्रेलर ओढली आहे, कॅराव्हॅन कधीच ओढलेली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ब्रिस्बेन ते मिशन बीच हे सुमारे १६०० किलोमीटर अंतर नवख्या माणसाने व्हॅन ओढत पार करावे का, आणि किती दिवसांत? आई-बाबांना व्हॅनमध्ये राहणे, विशेषतः रात्री उठणे, जमेल का? समुद्रात जेलीफिश आणि खाड्यांत मगरी असतात, असे ऐकून आई आत्ताच धास्तावली आहे, तेव्हा मुलांना पाण्यात कितपत सोडता येईल? आणि बाबांना केळीची बाग आतून पाहता येईल का? ज्यांनी असा प्रवास वडीलधाऱ्यांसह केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

चाकाची वाट (टाउन्सव्हिल)

तापीकाठ, आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर वजनात दडलेले आहे, म्हणून आधी तेच घेतो. मी अकरा वर्षे व्हॅन ओढतो आहे. सुरुवातीला मीही रिकाम्या वजनावरच हिशेब करीत असे.

व्हॅनच्या चौकटीवर एक धातूची पट्टी असते. तिच्यावर रिकाम्या वजनाखेरीज भरलेल्या व्हॅनचे कमाल वजन लिहिलेले असते, ज्याला येथे सगळे एटीएम म्हणतात. सहा जणांच्या व्हॅनचा हा आकडा २००० किलोंच्या बराच वर असू शकतो, म्हणून तो आधी वाचा. आता १६९० किलोंपासून बेरीज करू. पाण्याच्या ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या तर १६० किलो. गॅसचे ९ किलोंचे दोन बाटले भरले की त्यांचे मिळून सुमारे ३५ किलो होतात. बाहेरचा तंबू, खुर्च्या, अंथरुणे, भांडी, सहा जणांचे कपडे, शिधा आणि मुलांच्या सायकली यांचे अडीचशे किलो सहज भरतात. म्हणजे आपण २१०० किलोंच्या पुढे गेलात. टाक्या रिकाम्या ठेवून निघालात तरी काठावरच राहाल, आणि अशा लांब प्रवासात काठावर राहणे योग्य नव्हे.

दुसरी बाजू गाडीची आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. व्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या मागच्या टो बॉलवर (व्हॅन अडकवायच्या गोळ्यावर) येतो आणि तो गाडीतील ओझ्यात धरावा लागतो. आपल्या बाबतीत हे झाले दोनशे किलो. चार मोठी माणसे आणि दोन मुले मिळून साडेतीनशे किलोंच्या आसपास होतात. अनेक सात आसनी गाड्यांना सहाशे-सातशे किलोंहून अधिक ओझे चालत नाही, त्यामुळे डिकीत चार बॅगा ठेवताच मर्यादा संपेल. मर्यादा ओलांडली की गाडीचे पुढचे चाक हलके होते, स्टिअरिंगची पकड सुटते आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. निघण्यापूर्वी सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी आणि व्हॅन दोन्ही मोजून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

व्हॅन उसनी असल्यामुळे टायरही तपासा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. रेघा शाबूत दिसत असल्या तरी वर्षानुवर्षे अंगणात उभ्या राहिलेल्या व्हॅनचे रबर कडक होऊन फाटते. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस कधी भरले होते, हेही मित्राला विचारा. ७५० किलोंवरील व्हॅनला ब्रेक असावे लागतात आणि ते विजेवर चालणारे असतील तर ते चालवणारे नियंत्रक यंत्र आपल्या गाडीत बसवलेले असावे लागते. ते नसेल तर व्हॅनचे ब्रेक निव्वळ शोभेचे ठरतात.

आता रस्ता. ब्रूस हायवेचे टप्पे व्हॅनसह असे पडतात: पहिला मुक्काम जिन जिनच्या आसपास, दुसरा रॉकहॅम्प्टन, तिसरा मकाय, चौथा टाउन्सव्हिल आणि पाचव्या दिवशी मिशन बीच. रॉकहॅम्प्टनहून मकरवृत्त जाते, तेव्हा मुलांना तेथे उतरवून दाखवा. रॉकहॅम्प्टन ते मकाय हा सव्वातीनशे किलोमीटरचा पट्टा कंटाळवाणा आहे, आणि कंटाळा आला की डोळा लागतो, म्हणून दर दोन तासांनी थांबा. जूनमध्ये सहाच्या आत अंधार पडतो आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे चार वाजता मुक्कामी पोहोचलेले उत्तम. जाताना पाच दिवस आणि येताना पाच दिवस धरले तर सोळांपैकी दहा दिवस रस्त्यातच जातात. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याच्या माणसाला ही शिक्षा आहे.

एक अनुभव सांगतो. बोवेनच्या अलीकडे समोरून आलेल्या लांब ट्रकच्या वाऱ्याने माझी व्हॅन मागे साप वळवळावा तशी डोलू लागली. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि नेमके तेच करायचे नसते. स्टिअरिंग सरळ धरावे, वेग आपोआप उतरू द्यावा आणि नियंत्रकाच्या हाताच्या दांड्याने फक्त व्हॅनचे ब्रेक हळूच लावावेत. मला हे एका शिबिरात शिकवले होते म्हणून वाचलो. आपण हे पहिल्यांदाच, आई-बाबा आणि मुले गाडीत असताना शिकावे, असे मला मुळीच वाटत नाही.

माझा सल्ला असा की, मित्राची व्हॅन आभार मानून परत करा. टाउन्सव्हिलपर्यंत नुसती गाडी आणा आणि येथून चौघांपुरती लहान, हलकी व्हॅन भाड्याने घ्या. येथून मिशन बीच २३५ किलोमीटर आहे. इंगहॅमनंतर हिंचिनब्रूक बेटाचे दर्शन घडवणारा एक घाट लागतो, तो सोडला तर रस्ता सपाट आहे. पहिल्यांदा ओढणाऱ्याला एवढा सराव पुरेसा आहे. चौघांपुरती का, ते पुढे कोणी सांगेलच.

सुपारीची बाग (मेलबर्न)

ते मी सांगते. आम्ही तीन वर्षांपूर्वी माझ्या सासू-सासऱ्यांना घेऊन जुलैमध्ये मिशन बीचला आठ रात्री राहिलो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला स्पष्टपणे द्यायचे आहे: वडीलधाऱ्यांना व्हॅनमध्ये झोपवू नका. त्यांना त्याच पार्कमधील केबिन घेऊन द्या आणि आपली व्हॅन तिच्या शेजारच्या जागेवर लावा.

व्हॅनच्या पायऱ्या उंच असतात. लहान व्हॅनमधला पलंग एका बाजूने भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे आतल्या माणसाला उठायचे तर बाहेरच्याला ओलांडावे लागते. न्हाणीघर बहुधा पार्कच्या सामाईक इमारतीत असते आणि रात्री दोन वाजता, ओल्या गवतातून, हातात विजेरी धरून तेथवर जायचे हे सत्तरीच्या माणसाला आठ रात्री झेपत नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दोन रात्री संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद केले होते, आणि त्या काही बोलल्या नाहीत म्हणून आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळले. त्याचे मला आजही वाईट वाटते. त्याच दिवशी आम्ही केबिन घेतली. केबिनमध्ये स्वतःचे न्हाणीघर, पंखा, ओटा आणि व्हरांडा होता. सकाळचा चहा आम्ही सगळे त्यांच्या व्हरांड्यात घेत असू आणि मुले दिवसभर दोन्ही घरांत ये-जा करीत. कॅराव्हॅन पार्कमधली खरी मजा हीच असते. शेजारच्या व्हॅनमधले निवृत्त आजोबा माझ्या सासऱ्यांना रोज मासे धरायला बोलावीत. इंग्रजी दोघांनाही एकमेकांचे कळत नसे, तरी दोघे तास-तासभर बसत. शाळेच्या सुट्टीत आणि थंडीत दक्षिणेकडची सगळी मंडळी उत्तरेला येतात, म्हणून केबिनचे आरक्षण आजच करा.

प्रवासाचे म्हणाल तर ब्रिस्बेनच्या रोमा स्ट्रीट स्थानकावरून ‘स्पिरिट ऑफ क्वीन्सलँड’ ही गाडी केर्न्सला जाते आणि ती टलीला थांबते. केर्न्सपर्यंतचा प्रवास सुमारे पंचवीस तासांचा आहे. तिच्यात एक वर्ग असा आहे की, खुर्चीचा रात्री सपाट पलंग होतो. गुडघ्यासाठी त्याहून चांगली सोय नाही. ती रोज धावत नाही आणि त्या वर्गाच्या जागा मोजक्या असतात. आपल्या पत्नीने आई-बाबांबरोबर रेल्वेने यावे आणि आपण मुलांसह रस्त्याने यावे. टली स्थानकापासून मिशन बीच पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे.

स्वयंपाकाची चिंता नको. पार्कमध्ये सामाईक स्वयंपाकघर असते, पण आम्ही व्हॅनच्या छताखाली गॅस मांडून पोळ्या केल्या. तूरडाळ, ज्वारीचे पीठ, मसाले ब्रिस्बेनहूनच भरून घ्या. गावात दुकाने आहेत, परंतु आपला शिधा मिळेल, असे गृहीत धरू नका. आणि छत्र्या घ्या. थंडी हा तेथला कोरडा हंगाम खरा, पण टली-मिशन बीचच्या पट्ट्यात कोरडेपणा नावापुरताच असतो. टलीत वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गावात ७.९ मीटर उंचीचा एक सोनेरी गमबूट उभारला आहे, कारण १९५० साली तेथे तेवढा पाऊस पडला होता. आमच्या आठपैकी तीन दिवस भिजण्यात गेले आणि मुलांनी तेच सर्वांत जास्त लक्षात ठेवले आहे.

निळा मान (इनिसफेल)

मी या भागात परिचारिका म्हणून काम करते, म्हणून पाण्याविषयी लिहिते. तापीकाठ, आपल्या आईंची भीती अवाजवी नाही, फक्त तिला नेमकी जागा दाखवायला हवी.

जेलीफिशचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मे असा आहे. जून-जुलैत धोका बराच कमी असतो, पण शून्य नसतो. अंगठ्याच्या नखाएवढी इरुकांजी ही जेलीफिश कोणत्याही महिन्यात आढळू शकते आणि तिचा डंख लागताना फारसा जाणवतही नाही. अर्ध्या तासाने पाठीत आणि पोटात असह्य वेदना सुरू होतात, म्हणून मूल पाण्यातून आल्यावर बरे वाटत नाही म्हणाले तर ते अंगावर काढू नका. मुलांना पूर्ण अंगाचा तलम स्टिंगर सूट घाला. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, तरी एक आपल्या पिशवीत असू द्या. डंखावर निदान तीस सेकंद व्हिनेगर ओता, चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका आणि ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. जवळचे रुग्णालय टलीत आहे. आपले आई-बाबा पाहुणे असल्यामुळे त्यांचा प्रवासविमा रुग्णवाहिका आणि आधीची दुखणी धरून आहे का, हे भारतातून निघण्यापूर्वीच पाहा.

मगरींना मात्र हंगाम नसतो. खाडी, नदीचे मुख, खारफुटी आणि होड्या उतरवायचे उतार येथे पाण्याच्या काठापासून निदान पाच मीटर दूर राहावे. तेथे मासे साफ करू नयेत आणि रोज एकाच वेळी एकाच जागी जाऊ नये, कारण मगर सवयी पाहून ठेवते. पिवळ्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. मुलांनी मोकळ्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, जीवरक्षकांच्या नजरेसमोर खेळावे. येथे सलग चौदा किलोमीटरचा किनारा आहे, समोर डंक बेट दिसते आणि वाळू इतकी सपाट आहे की, आपल्या बाबांना ओहोटीच्या वेळी काठी न घेता चालता येईल.

ज्याची भीती कोणी बाळगत नाही आणि ज्याची काळजी सर्वांनी घ्यावी, तो प्राणी म्हणजे कॅसोवरी. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, डोक्यावर शिरस्त्राण असलेला हा न उडणारा पक्षी मिशन बीचच्या जंगलात आणि कधी कधी थेट पार्कमध्ये फिरतो. अंडी उबवण्याचे आणि पिल्लांना वाढवण्याचे काम नर एकटा करतो. पिल्लांसह तो दिसला तर मुलांना पाठीशी घ्या, पिशवी पुढे धरा आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरा. त्याच्या पायाच्या आतल्या बोटाला कट्यारीसारखी नखी असते. त्याला खाऊ घालणे बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारण मुलांना नक्की सांगा: खाऊची चटक लागलेला पक्षी रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली मरतो. हे पक्षी आता फार थोडे उरले आहेत. गावाजवळ व्हॅन अगदी सावकाश चालवा.

आणखी एक. मिशन बीच या नावावरून चर्च डोळ्यांसमोर येते, पण ते बरोबर नाही. १९१४ साली सरकारने येथील जिरू आणि इतर आदिवासींना एकत्र आणून हल नदीकाठी वसाहत केली होती, तिला लोक मिशन म्हणत. १९१८ च्या चक्रीवादळात ती उद्ध्वस्त झाली. साउथ मिशन बीचला तिचे स्मारक आहे. तेथे मुलांना घेऊन पाच मिनिटे थांबावे.

चाकाची वाट (टाउन्सव्हिल)

त्याच परिसरात १८४८ साली एडमंड केनेडी या शोधप्रवाशाची मोहीम उतरली होती. घोडे, मेंढ्या आणि तीन घोडागाड्या घेऊन ते केप यॉर्ककडे निघाले. जंगलात गाड्या पुढे सरकेनात, तेव्हा त्या तिथेच सोडून द्याव्या लागल्या. तापीकाठ, आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट नक्की आवडेल.

सुपारीची बाग (मेलबर्न)

केळीच्या बागेचा प्रश्न राहिला. मी जळगावची नाही, पण माझे सासरे फैजपूरचे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे पुरेपूर झाला आहे.

बाग आतून पाहता येईल, अशी आशा बाबांना देऊ नका. २०१५ साली टलीच्या खोऱ्यात पनामा मर रोगाचा चौथा प्रकार आढळला. त्याची बुरशी मातीत दशकानुदशके जिवंत राहते, तिच्यावर औषध नाही आणि ती बुटाला लागलेल्या चिमूटभर मातीतूनही पसरते. ऑस्ट्रेलियाची नव्वद टक्क्यांहून अधिक केळी क्वीन्सलँडमध्ये पिकतात आणि त्यांतली बहुतेक याच पट्ट्यातली, म्हणून बागांना कुंपणे असतात आणि आत जाणाऱ्या वाहनांची चाके धुतली जातात. फोटोसाठीसुद्धा बागेच्या बांधावर गाडी उतरवू नका, पान किंवा खोडाचा तुकडा उचलू नका. माझ्या सासऱ्यांना हे समजावताना मला जड वाटले होते, पण त्यांनी ऐकताक्षणी मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर आहे त्यांचे, आपणही असेच करायला हवे.”

डांबरी रस्त्यावरूनसुद्धा खूप दिसते. घडांना घातलेल्या स्कर्टिंग बॅगा, ओळींमधले अंतर, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांपासून वाढवलेली बाग) कशी राखली आहे, हे सगळे त्यांनी गाडीच्या काचेतून वाचून काढले. शेतकऱ्यांच्या रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पैसे डब्यात टाकून केळी घेता येतात. शेजारीच उसाचे फड आहेत. गाळप जूनमध्ये सुरू होते आणि ऊस लहान रुळांवरच्या आगगाडीने कारखान्यात जातो. ती रस्ता ओलांडते तेव्हा आमची गाडी दहा मिनिटे थांबली होती आणि सासरे डबे मोजत होते.

याहून महत्त्वाची गोष्ट विमानतळावरची आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर, गेल्या तीस दिवसांत शेतात गेला होता का, असा प्रश्न असतो. बाबांनी तेथे निःसंकोच ‘होय’ लिहावे. शेतातल्या चपला-बूट आणूच नयेत. जे आणतील त्यांचे तळ घासून, धुऊन, वाळवून आणावेत. बियाणे, रोपे, पाने असले काहीही सामानात नको, आणि जे खाद्यपदार्थ असतील ते सगळे जाहीर करावेत. जाहीर केलेल्या वस्तूसाठी दंड होत नाही. फार तर ती काढून घेतात.

तापीकाठ (ब्रिस्बेन)

सर्वांचे मनापासून आभार. काल मित्राची व्हॅन वजनकाट्यावर नेली. पाणी आणि शिधा न भरता, फक्त तंबू आणि भांड्यांसह ती १८६० किलो भरली. एटीएमचा आकडा २३०० निघाला. त्याला सगळे सांगितले, तोही चकित झाला आणि त्याने स्वतःच्या गाडीची मर्यादा शोधायला घेतली आहे.

आता ठरले ते असे. मी आणि मुले तीन दिवसांत गाडीने टाउन्सव्हिलला येऊ. तेथून लहान व्हॅन भाड्याने घेऊ. चाकाची वाट, व्हॅन जोडण्याच्या सकाळी आपण तासभर येऊ शकलात तर मोठा आधार होईल, मी निरोप पाठवतो. पत्नी आई-बाबांना घेऊन रेल्वेने टलीला येईल. मिशन बीचला सलग नऊ रात्रींची केबिन आणि तिच्या शेजारची वीजजोडणी असलेली जागा मिळाली आहे. रेल्वेच्या पलंगाच्या दोन जागा मिळाल्या, तिसरी साध्या खुर्चीची आहे आणि ती पत्नीने आनंदाने घेतली.

रात्री बाबांना फोन करून बागेचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, रस्त्यावरून घड किती फण्यांचा आहे ते मोजता येईल ना. मी सांगितले, बॅगेमुळे मोजता येणार नाही. तेव्हा म्हणाले, मग दुर्बीण नको, चष्मा पुरे. शेतातले बूट घरीच ठेवून ते उद्या जळगावहून नवे आणणार आहेत.